टोकन तांदळात, नवरा मोटारमेळ्यात

नवरा हातचा निसटू नये म्हणून काय करावं, असं मला अठराव्या वर्षी कोणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं: त्याचं टोकन तांदळाच्या पिप्यात पुरून ठेवावं. आता ऐंशी उलटली. हा उपाय मी कोणाला सुचवत नाही. पण त्या वयात मला माझ्या अकलेचा जो तोरा होता, तो आठवला की अजून पदर तोंडाशी न्यावा लागतो. हसू दिसू नये म्हणून.

लग्नाला चार महिने झाले होते. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावाहून मी रिसालीला आले, तेव्हा रिसाली म्हणजे खेडंच. पलीकडे भिलाईचा कारखाना उभा राहत होता. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा आणि वाळत घातलेल्या लुगड्यावर लाल धूळ बसायची. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही एका छत्तीसगढी म्हातारीच्या मातीच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली होती. तिला सारं गाव दाई म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो.

आमचे हे कारखान्याच्या गॅरेजात फिटर होते. डंपर, बुलडोझर, जे बिघडेल ते यांच्याकडे यायचं. इंजिनाला कान लावून त्याचं दुखणं ओळखायचे. मला मात्र त्यांनी कधी कान लावल्याचं आठवत नाही. त्यांच्याजवळ बोलायला तीन शब्द होते: हाव, नाई आणि पाहू. भाजी आवडली का? हाव. आणखी वाढू? नाई. दिवाळीला गावी जायचं का? पाहू.

मीही काही कमी नव्हते. मायनं निघताना कानात सांगितलं होतं, "नवऱ्याले कायी मागू नोको वं. मागतलं का आपली किंमत जाते." ते मी इतकं मनावर घेतलं होतं, की मीठ संपलं तरी सांगत नसे. रिकामी बरणी त्यांच्या पायात येईल अशी ठेवायची आणि भिंतीकडे पाहत बसायची. माझ्या मते याला स्वाभिमान म्हणत. दाई याला दुसरंच काही म्हणायची, पण ते छत्तीसगढीत असल्यानं मला कळत नसे. बरंच होतं.

तर त्या हिवाळ्यात मोटारमेळा आला.

रिसाली आणि बोरसीच्या मधे भाठा होता, म्हणजे मुरमाड पडीत जमीन, जिथे बकऱ्यासुद्धा नाइलाजानं चरत. तिथे एके दिवशी दोन ट्रक उभे राहिले. त्यांतून तीन फटफट्या आणि दोन मोटारी उतरल्या. मोटारींना दारं नव्हती, टप नव्हते, एकीला तर बसायला पाटच टाकलेला होता. या कंपनीचे लोक गावोगाव हिंडून शर्यती लावत. डांबराचे रिकामे ड्रम गोल मांडून, चुन्याची रेघ ओढून त्यांनी रस्ता आखला. भोवती बांबू. रोज दुपारी चारला खेळ. आधी फटफट्यांची शर्यत, मग मोटारींची, मग दोन्हींची एकत्र. मधल्या वेळात ट्रकवर पेटी-ढोलकी वाजे, गाणी होत, आणि एक विदूषक फटफटीवर उलटा बसून मागे पाहत पुढे जाई.

सुटीच्या दिवशी हे मला घेऊन गेले. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले होते. परत आले तेव्हा ते विटकरी होतं.

काय सांगू, पहिली फटफटी वळणावर कलली तेव्हा मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा एक बाई पतलून घालून, धावत्या गाडीच्या सीटवर उभी राहून, दोन्ही हात पसरून समोरून गेली. उतरली, केस झटकले आणि ट्रकवर चढून गाणं म्हणू लागली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे तिच्याकडे पाहत होते. (खरं तर ते तिच्या फटफटीच्या धुराकडे पाहत होते, धूर निळा का येतो म्हणून. पण हे मला चाळीस वर्षांनी कळलं.)

शेवटच्या शर्यतीत पाटवाली मोटार आमच्यासमोरच खोकली आणि बंद पडली. मेळ्याचा मालक भोंग्यावरून ओरडला, "भाइयों, कोई मिस्त्री है क्या?"

मी "अजी" म्हणेपर्यंत हे बांबूवरून पलीकडे गेले होते. माझ्या हातात शेंगदाण्याचा पुडा. त्यांनी बॉनेट उघडलं, काहीतरी काढलं, फुंकलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, परत बसवलं. मोटार गुरगुरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मालकानं ह्यांना पाटावर बसवून एक फेरी मारून आणली. आणि फेरी मारताना माझा नवरा हसत होता. दात दाखवून! चार महिन्यांत मी ते दात पाहिले नव्हते. इतके सुंदर दात घरात असून मला दाखवले नाहीत, याचा मला राग आला, आणि तरी ते दात पाहता पाहता मी सगळे शेंगदाणे एकटीनं खाऊन टाकले.

त्यानंतर रोज पहिली पाळी सुटली की हे थेट भाठ्यावर. घरी यायचे ते तेलानं माखून, गुणगुणत. आठवड्याभरानं, जेवता जेवता, ताटातून मान वर न करता म्हणाले, "मालक म्हणून राह्यला, आमच्यासंग चाल. मिस्त्री म्हणून. मोटार चालवाले बी देतो म्हणते."

माझा घास तसाच राहिला. "कुठी?"

"राजनांदगाव. मंग गोंदिया, नागपूर. पुढं जिकडं जाईन तिकडं. सोमवारी सकाळी निघतेत."

"मंग तुम्ही काय म्हणलं?"

"पाहू म्हणलं."

आता इथे कोणतीही शहाणी बाई म्हणाली असती, अजी, जाऊ नका. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तुमची मर्जी." आणि उठून भांडी इतक्या जोरात घासली, की दाईनं पलीकडून विचारलं, "का होगे नोनी? बरतन ला काबर मारथस?" भांड्यांना का मारतेस पोरी, म्हणून.

कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं होतं, की कारखान्याची नोकरी सोडायची तर टोकन जमा करावं लागतं. ते पितळेचं टोकन म्हणजे रुपयाएवढं गोल, वर भोक, मधे नंबर. ते दाखवल्याशिवाय गेटातून आत जाता येत नसे. हे ते सुतळीत ओवून खिळ्याला अडकवत. मी रात्रभर नाही, पाचच मिनिटं विचार केला. टोकन जमा केल्याशिवाय नोकरी सुटत नाही. नोकरी सुटल्याशिवाय भिलाई सुटत नाही. भिलाई सुटल्याशिवाय मी सुटत नाही. तर मग टोकनच नसलं तर? माझ्या डोक्यात एवढा उजेड याआधी पडला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी हे विहिरीवर हातपाय धुवायला गेले आणि मी सुतळीतून टोकन काढून तांदळाच्या पिप्यात कोपरापर्यंत हात घालून पुरलं.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमचं लग्न नव्या रीतीनं झालं होतं, पंचशील म्हणून. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही, असं मी चारचौघांत खणखणीत आवाजात म्हटलं होतं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं अजून गावात सांगतात. आणि चार महिन्यांत मी एकाच टोकनात दोन शीलं मोडली. कारण सकाळी हे म्हणाले, "टोकन कुठी गेलं वं?" आणि मी म्हणाले, "मले काय मालूम?"

मग मी त्यांच्याबरोबर शोधलंही. गोधडी झटकली, चूल पाहिली, दाईच्या कोंबड्या हाकलून त्यांच्या टोपलीत पाहिलं. पिप्यावर मात्र बसून राहिले.

हे तसेच गेटवर गेले. तासाभरात परत आले. टोकन नाही तर आत जाणं नाही, सोमवारी नव्यासाठी अर्ज करा, असं त्यांना सांगितलं होतं. मी मनातल्या मनात उड्या मारत होते. अडकला! आता कुठे जातो!

ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "चला, आज तं सुटीच झाली." आणि शीळ घालत भाठ्यावर निघून गेले.

मी पिप्यावर बसलेली. तशीच.

म्हणजे झालं काय, तर कारखाना त्यांना दिवसाचे आठ तास धरून ठेवत होता, तेही मी सोडवून दिले. शनिवारी दिवसभर ते मेळ्यातच. संध्याकाळी आले ते डोळे चमकवत. "उद्या शेवटच्या शर्यतीत मालक मले गाडी चालवाले देऊन राह्यला."

"अन् सोमवारी?"

"पाहू."

त्या शब्दाचा गळा असता तर मी आवळला असता.

रविवारी सकाळी ते लवकर गेले. मी रडत रडत स्वयंपाक करत होते. एरवी माझा तांदूळ म्हणजे माझा गर्व. सुपात तीनदा निवडल्याशिवाय चुलीवर जात नसे. माझ्या भातात खडा निघाला तर नाव बदलीन, असं मी म्हणायची. त्या दिवशी पिप्यात शेर तळापर्यंत बुडवला, नाक पुसलं, दोन पाणी फिरवलं आणि तांदूळ वैरले.

दुपारी दारात फटफटीचा आवाज आला. दाईच्या कोंबड्या छपरावर. मला वाटलं हेच आले. तर पतलूनवाली!

"भाभी, खाना मिलेगा?" ती म्हणाली. "तेरे घरवाले ने बोला, आज जाके ताज़ा खा ले."

ती आत आली आणि मी पाट द्यायच्या आधीच जमिनीवर मांडी घालून बसली. जवळून पाहिली तर माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. कोपरं सोललेली, नखांत ग्रीस. मी तोंड फुगवून वाढलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, भाजलेल्या वांग्याचं भरीत.

"रोज डब्बा लाता है ना," ती भात कालवत म्हणाली. "पहले सबको एक-एक कौर चखाता है। बोलता है, मेरी घरवाली के हाथ का है, आराम से खाओ, निगलो मत।"

"कोण? आमचे हे?"

"और कौन? बोलता है, उसके चावल में कंकर निकाल के दिखाओ।"

 ज्या माणसानं मला कधी "बरं झालं" म्हटलं नाही, तो भाठ्यावर बसून विदूषकाला माझा भात चाखवत होता! आणि नेमकं त्याच क्षणी तिच्या दाताखाली कट्ट झालं.

ती थांबली. बोटानं तोंडातून काढलं. पाण्याच्या लोट्यात बुचकळून वर धरलं. पितळ शिजून छान चकचकीत झालं होतं, नंबर तर लांबून वाचता येत होता.

ती एकदा टोकनाकडे पाहायची, एकदा माझ्याकडे. कालपासून सारा मेळा ह्यांच्या हरवलेल्या टोकनाबद्दल ऐकत होता. मग ती हसायला लागली. इतकी हसली, की आडवी झाली. मी आधी रडत होते, मग तिच्याकडे पाहून हसू यायला लागलं, मग दोन्ही एकदम व्हायला लागलं, आणि हे नाकासाठी फार वाईट असतं.

"तो बोल दे ना उसको, मत जा," ती डोळे पुसत म्हणाली.

"कैसे बोलूँ?"

"मुँह से."

मायचा उपदेश तिला सांगावा असं मला वाटलं. पण तो हिंदीत सांगताना फारच वेडगळ वाटेल असं लक्षात आलं. मराठीतही तो तसाच होता, पण ते तोवर लक्षात आलं नव्हतं. तेवढ्यात तिनं उरलेला भात संपवला, ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि म्हणाली, "चल, बैठ पीछे।"

मी फटफटीवर बसले. लुगडं गुडघ्यात आवळून, एका अंगाला पाय सोडून, एका मुठीत टोकन, दुसऱ्या मुठीत तिचा पट्टा. दाई मागे धावत ओरडली, "नोनी, गिर झन जाबे!" पडू नकोस हे मला त्या वेळी भाषांतर न करता कळलं.

भाठ्यावर शर्यत सुटायच्या बेतात होती. दोन मोटारी, दोन फटफट्या, सगळी इंजिनं गर्जत होती. पाटवाल्या मोटारीत हे बसले होते, कानाडोक्याला मफलर गच्च बांधून. मला बांबूच्या आत कोण सोडणार? पतलूनवालीनं मला हाताला धरून गाण्याच्या ट्रकवर चढवलं आणि पेटीसमोर उभं केलं. समोर एक दांडी होती, तिच्यावर जाळीचं बोंडूक. मला वाटत होतं ते फक्त गाणाऱ्यांच्या आवाजावर चालतं, माझ्यासारखीच्या नाही.

"बोल," ती म्हणाली.

मी अगदी हळू, आपल्या माणसाच्या कानात सांगावं तसं बोलले. "अजी, जाऊ नोका ना."

चारही भोंग्यांतून ते बाहेर पडलं. बोरसीपर्यंत गेलं असेल. भाठ्यावर अर्धे लोक आमच्याच मुलखातले, त्यांना शब्द न् शब्द कळला.  मग असा हशा, की ढोलकीवाल्याच्या हातून ढोलकी सुटली. साऱ्या मैदानानं ऐकलं. ऐकलं नाही ते फक्त एकानं. ज्याच्या कानाला मफलर होता आणि पुढ्यात इंजिन.

झेंडी पडली, मोटारी सुटल्या.

पहिल्या फेरीला हे समोरून आले तेव्हा बांबूला टेकलेल्या पाचपन्नास गड्यांनी एका सुरात हाळी दिली, "अजी, जाऊ नोका ना!" यांना वाटलं, आपला जयजयकार चाललाय. त्यांनी हात हलवला आणि गाडी आणखी दामटली. दुसऱ्या फेरीला दोनशे माणसं. "अजी, जाऊ नोका ना!" यांनी दोन्ही हात हलवले. मी ट्रकवर पदरात तोंड घालून बसले होते आणि विदूषक माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा होता.

चारांत ते तिसरे आले. धुळीनं लाल, फक्त दात पांढरे. मला पाहून मफलर सोडत म्हणाले, "तू कावून आली वं? अन् सारे हासून कावून राह्यले?"

म्हणजे ते परत म्हणायचं होतं. भोंग्याशिवाय. समोर उभं राहून. हजार माणसांपुढे सोपं गेलं होतं, एकापुढे जीभ वळेना. मी नुसती मूठ उघडली.

"हे कुठी भेटलं?"

"भातात."

"भातात?"

"मीच लपवलं होतं. पिप्यात." मग एका दमात सगळं आलं. "टोकन नसन तं तुम्हाले जाता येनार नाई वाटलं. मी बह्याड आहो. तुम्ही जाऊ नोका. मले करमणार नाई. मीठ बी संपलं आहे."

मिठाचं का म्हणाले, ते आजतागायत मला कळलेलं नाही. चार महिन्यांत मागितलं नव्हतं, ते सगळं एकदम निघालं असावं.

ते टोकनावरून अंगठा फिरवत राहिले. दोन ड्रमांच्या मधे आम्ही उभे होतो. मागे कुणीतरी इंजिन थंड करायला पाणी ओतत होतं, त्याची वाफ येत होती.

"माहं मन होतं जायचं," ते म्हणाले. "खोटं कावून बोलू. बम मन होतं."

मी मान खाली घातली.

"पण आयक. लहानपणापासून सारे मले जाच म्हणत आले. वावरात जा. मामाकडं जा. भिलाईले जा, कमाव. हा मालक बी चालच म्हणते. राहा कोणी म्हणलंच नोतं." मग टोकन मुठीत घेत, "तुले बी मी सांगतलं तं तू म्हणली, तुमची मर्जी. मले वाटलं, हिले काय, मी असलो काय अन् नसलो काय."

त्यांनी माझ्याशी एका वेळी इतके शब्द त्याआधी कधी वापरले नव्हते. मी ते मोजून ठेवायला हवे होते, पण रडत होते.

मग ते मालकाकडे गेले. लांबून मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. तीन शब्दांतला तो मधला होता: नाई. मालकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि थोडा वेळ दोघंही पाटवाल्या मोटारीकडे पाहत उभे राहिले. परत येताना यांचे डोळे ओले होते. मी धूळ समजून पदर पुढे केला. त्यांनी धूळ समजूनच पुसले.

सोमवारी सकाळी कंपनीचे ट्रक गेले तेव्हा हे टोकन गळ्यात घालून रस्त्याच्या कडेला उभे होते. पतलूनवालीनं जाता जाता ओरडून माझ्यासाठी निरोप दिला, की भातात मीठ कमी होतं. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहिले, मग गेटवर गेले, आणि पुढे पस्तीस वर्षं जात राहिले. जन्मभर सायकल वळवतानासुद्धा ते जरासे कलायचे. मी मागे बसून काही म्हणत नसे. माणसानं आपल्यासाठी एवढं सोडलं असेल तर त्याला वळणावर कलू द्यावं.

पण ते पुढचं. त्या रविवारी लोक पांगल्यावर मालकानं ह्यांना एक शेवटची फेरी मारायला सांगितली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाटावर सरकून जागा केली.

मी बसले. दार नव्हतं, धरायला काही नव्हतं, म्हणून त्यांचा दंड धरला. ऊन उतरलं होतं, धूळ खाली बसत होती. आणि माझा नवरा, जो तासाभरापूर्वी वाऱ्यासारखा पळत होता, तो मोटार अशी चालवायला लागला, जशी अंडी भरलेली बैलगाडी. प्रत्येक खड्ड्याला थांबायचा. विदूषक पायी चालत आमच्या पुढे निघून गेला.

अर्धी फेरी झाली. मग म्हटलं, आज मागायचं शिकलोच आहोत, तर होऊन जाऊ दे.

"अजी," मी म्हणाले, "जोरात घ्या ना."